उजवा डोळा उरला असताना दाखल करून घेण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय,
मुख्य इमारत, दुसरा मजला, पडदा असलेली खोली.

विषय : अर्जदार महिलेचा डावा डोळा या रुग्णालयाच्या पद्धतीपायी गेला असून, उजवा जाण्यापूर्वी तिला सोबतच्या माणसाशिवाय दाखल करून उपचार सुरू करण्याबाबत.

संदर्भ : १) याच अर्जदाराचा मागील अर्ज, जो ‘अक्षर लागत नाही’ असे सांगून खिडकीतूनच परत करण्यात आला.
२) काल सकाळी मुख्य फाटकाशी आपल्या गाडीस झालेला अडथळा.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज सादर करण्यात येतो की, सदर अर्जदार ही कापड रंगवण्याच्या कारखान्यात छटा जुळवण्याच्या कामावर आहे. गिऱ्हाईकाने दिलेल्या नमुन्याशेजारी रंगवून आलेले कापड ठेवायचे आणि दोन्ही एकाच रंगाचे आहेत की नाहीत ते सांगायचे, असे हे काम. तिने मान हलवली तर माल बाहेर जातो, नाही हलवली तर परत हौदात. म्हणजे अर्जदार हाताने नव्हे, डोळ्यांनी पोट भरते, हे आपल्या ध्यानात यावे.

मागील अर्ज तिने कालच, फाटकाशी झालेल्या प्रकारानंतर, स्वतः लिहिला होता. तो आपल्या खिडकीवरच्या बाबूंना वाचता आला नाही, कारण लिहिणारीलाच तो दिसत नव्हता. म्हणून हा अर्ज अर्जदाराने तोंडी सांगितला असून कारखान्यातील रंगारी, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी लिहून घेतला आहे. मजकूर तिचा, राग तिचा, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका तेवढ्या मामांच्या. मामांनी मध्येच दोन वेळा ‘हे असं लिहायचं का?’ असे विचारले, आणि दोन्ही वेळा लिहा म्हणून सांगण्यात आले.

१. गेल्या वर्षी अर्जदाराच्या दोन्ही तळहातांवर तांबूस चट्टे उठले. खाज नाही, दुखणे नाही. दुसऱ्या कुठल्या घरातली बाई घाबरली असती. पण रंगाच्या कारखान्यात ज्याचे तळहात स्वच्छ, तो कामचुकार, असाच हिशेब असतो. मामांचे हात कोपरापर्यंत निळे आहेत, धुलाईवालीच्या नखांत कायम पिवळा असतो. तिथे अर्जदाराच्या तळहातांकडे कोण बघणार? तळपायांवरही चट्टे होते, पण त्यांच्याकडे तर तिने स्वतःही लक्ष दिले नाही. कारखान्याच्या डॉक्टरांनी लांबूनच हात पाहून रसायनाची बाधा म्हटले, मलम दिले, हातमोजे घाला म्हणाले. काही दिवसांनी चट्टे गेले. सगळे म्हणाले, मलम लागू पडले. आता कळते की मलम नसते लावले तरी ते गेलेच असते. हा रोग अंगावरून पुसला जातो आणि आत ठाण मांडतो. दुसऱ्या कुणाच्या तळहातावर तो ओळखू आला असता. आमच्याकडे तो रंगात खपून गेला, आणि ही चूक आम्हा रंगवाल्यांची आहे, ती अर्जदार मान्य करते. पुढच्या चुका मात्र आमच्या नाहीत.

२. त्यानंतर डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगू लागले. डोळा लाल झाला. वाफेने झाला असेल म्हणून तिने गार पाणी मारले. त्याच सुमारास तिने लाल कापडाचे लॉट एकामागून एक परत पाठवायला सुरुवात केली. तिला तो लाल विटलेला दिसे, जुन्या विटेसारखा. मामा पुन्हा रंगवून पाठवत राहिले. शेवटी ते स्वतः तिच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, एक डोळा झाकून बघ, मग दुसरा. उजव्याने पाहिले तर कापड लालभडक. डाव्याने पाहिले तर तेच कापड विटके. मामा म्हणाले, “पोरी, कापडात काही खोट नाही. ऊठ, आधी दवाखाना गाठ.” अर्जदार त्याच दिवशी आपल्या नेत्रविभागात आली. तिने टाळाटाळ केली असे आपल्या कोणत्याही कागदावर लिहिले गेले असल्यास ते खोडावे.

३. आता आपल्या नेत्रविभागाची पद्धत सांगणे भाग आहे. ती आपणास माहीत असेलच, पण पडद्याआडून ती कशी दिसते आणि बाकावरून कशी दिसते यात फरक आहे. तपासणीआधी डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. मग काही तास रुग्णाला जवळचे वाचता येत नाही, उजेड सोसत नाही, तो डोळे मिटून बसतो. म्हणून औषध कसे घ्यायचे, परत कधी यायचे, हे सगळे ‘सोबतच्या माणसाला’ सांगायचे. पद्धत कोणीतरी चांगल्या मनाने पाडली असणार. पण एकदा पडलेली पद्धत मनावाचूनही चालते. आता तिथे रुग्णाला कोणी काही विचारतच नाही. दारातला माणूस “सोबतचे कोण?” एवढेच विचारतो, आणि रुग्ण बाकावर सामानासारखा ठेवलेला असतो.

अर्जदाराच्या सोबत तिचा नवरा असे. पहिल्या डॉक्टरांनी आतून सूज आहे म्हटले आणि सूज उतरवायचे थेंब दिले. लाली गेली, नजर मात्र कमी होतच राहिली. पुढच्या खेपेला मोठ्या मॅडमनी तपासले. त्यांनी बराच वेळ भिंगातून आत पाहिले आणि विचारले, हातापायांवर कधी चट्टे उठले होते का? हा प्रश्न त्यांनी अर्जदाराच्या नवऱ्याला विचारला. ज्याचे हातपाय, तो बाकावर. उत्तर देणारा उभा. तो म्हणाला, नाही. अर्जदाराला वाटले, रंगाच्या डागांचे या मोठ्या बाईंना काय करायचे, म्हणून तीही गप्प राहिली. तरीही मॅडमनी रक्त तपासायला पाठवले, याबद्दल अर्जदार त्यांची ऋणी आहे. त्यांनी ओळखले होते. ओळखून त्यांनी काय केले, तर ते दुसऱ्याला सांगितले.

४. रक्ताचा निकाल आला त्या दिवशी अर्जदार डोळ्यांत थेंब घालून बाकावर बसली होती, आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर तिच्या नवऱ्याला सांगण्यात आले की तिला सिफिलिस आहे, तो डोळ्यात उतरला आहे, तिला ताबडतोब दाखल करून शिरेतून पेनिसिलिन सुरू करावे लागेल, आणि तुम्हीही तपासून घ्या. नवरा लिफ्ट दुरुस्त करण्याच्या कामावर आहे, कामासाठी गावोगाव जातो, मुक्काम करतो. बोलायला मऊ. शेजारीपाजारी म्हणतात, असा नवरा नशिबाने मिळतो. तो बाकापाशी परत आला, अर्जदाराचा कोपर धरून तिला उठवले आणि म्हणाला, “काही नाही गं, अशक्तपणा आहे. थेंब चालू ठेवायला सांगितलंय.”

नंतर तो एकटाच मागच्या इमारतीत, त्वचा व गुप्तरोग विभागात गेला, आणि स्वतःपुरते कमरेत इंजेक्शन घेऊन आला. घरी लंगडत आला. शिडीवरून पाय सटकला म्हणाला. अर्जदाराने त्या जागी शेक दिला.

महोदय, हे वाक्य मामांनी लिहून झाल्यावर पेन खाली ठेवले होते.

त्यानंतर रोज, अगदी वेळच्या वेळी, तो तिच्या डोळ्यांत स्वतःच्या हाताने थेंब घालत असे. डोके मांडीवर घ्यायचा, पापणी हलकेच उघडायचा, एक थेंब या डोळ्यात, एक त्या डोळ्यात. काय चालले आहे हे पूर्ण ठाऊक असताना. नणंद येऊन हे बघायची आणि कौतुकाने डोळे पुसायची. डावा डोळा याच काळात गेला. आता त्याने दिवस आहे की रात्र एवढेच कळते.

५. पुढे नवऱ्याने तिला आपल्याकडे आणणेच थांबवले. थेंब तर चालू आहेत, उगाच खेपा कशाला, असे त्याचे म्हणणे. एके दिवशी तो आंघोळीला गेला असता त्याचा फोन वाजला तो अर्जदाराने घेतला. मागच्या इमारतीतील आरोग्य सेविका बोलत होत्या. तुमच्या मिसेस अजून दाखल व्हायला आल्या नाहीत, असे त्या म्हणाल्या. अर्जदाराने सांगितले की मीच ती मिसेस. सेविका गडबडल्या आणि म्हणाल्या, मग तुमच्या सोबतच्यांना द्या, त्यांना सगळे सांगितलेले आहे. मला सांगा म्हटले तर म्हणाल्या, रुग्णाला फोनवर सांगत नाहीत. नवऱ्याला सांगतात. अर्जदाराने फोन जागेवर ठेवला. तिला काय झाले आहे ते त्या घरात अर्जदार सोडून त्या फोनलासुद्धा माहीत होते.

६. दुसऱ्या दिवशी ती एकटी आपल्याकडे आली. उजव्या डोळ्यापुढेही ठिपके यायला लागले होते, पायऱ्यांच्या कडा लागत नव्हत्या, तरी आली. खिडकीवर म्हणाले, सोबतचा माणूस आणा, मग सांगू. नवरा नको म्हटले तर म्हणाले, कोणीही चालेल, पण सोबतचा पाहिजे. बाकावर बसून बसून अर्जदाराच्या अंगाचा तिळपापड झाला. मग ती उठली, फाटकापर्यंत गेली आणि तिथे गाड्या लावून घेणाऱ्या माणसाला म्हणाली, दोन मिनिटं माझ्यासोबत येता का? त्याच्या गळ्यात कायम शिट्टी असते म्हणून त्याला सगळे शिट्टी म्हणतात. तिने त्याला आयुष्यात पहिल्यांदा पाहिले होते, आणि पाहिले म्हणजे खाकी रंगाचा एक ठिपका तेवढा पाहिला होता.

शिट्टी आला. खिडकीवर विचारले, सोबतचे का? तो म्हणाला, हो. त्याला नाव विचारले नाही, नाते विचारले नाही. आत बोलावून, दार सताड उघडे ठेवून, त्याला अर्जदाराच्या रोगाचे नाव, तो कसा लागतो, कुठवर गेला आहे आणि काय केले पाहिजे हे सगळे समजावून सांगण्यात आले. अर्जदार बाहेर उभी. शिट्टी बाहेर आला. तो शब्द त्याने विसरू नये म्हणून घोकत आणला होता. त्याने तिला भिंतीशी नेले, शिट्टी मुठीत धरली आणि मान खाली घालून म्हणाला, “ताई, मी सांगायला नको होतं. पण तुम्हाला कोण सांगणार?” असे म्हणून त्याने सांगितले.

अर्जदाराच्या रक्तात काय आहे हे तिच्याआधी तिच्या नवऱ्याला, दोन डॉक्टरांना, सेविकेला, खिडकीवरच्या बाबूला आणि गाड्या लावणाऱ्याला माहीत होते. त्या सर्वांत लाज वाटली ती एकट्या शिट्टीला. याची नोंद कुठे होते का, ते कळवावे.

७. त्याच दिवशी मागच्या इमारतीतल्या एका सिस्टरनी तिला आत घेऊन, दार लावून, समोर बसवून सगळे नीट सांगितले. त्यांचे नाव विचारू नये, सांगितले जाणार नाही. त्या म्हणाल्या की हा रोग लागल्यावर लवकर किंवा उशिरा केव्हाही डोळ्यात जाऊ शकतो, दुखतोच असे नाही, आणि दुसऱ्या साध्या विकारासारखा दिसतो म्हणून भल्याभल्यांना चकवतो. डोळा लाल, ठिपके, धूसर, रंग फिके, यातले काहीही. रक्त तपासले की कळतो, म्हणून शंका आली की रक्त तपासायचे, वय आणि कुंकू बघत बसायचे नाही. थेंबांनी सूज दबते, जंतू मरत नाही. नवऱ्याने घेतले तसले कमरेतले एक इंजेक्शन त्याच्यासारख्याला पुरत असेल, डोळ्यात गेल्यावर पुरत नाही. तिथे मेंदूत गेल्यावर देतात तसे शिरेतून पेनिसिलिन, दहा ते चौदा दिवस, रुग्णालयात राहून द्यावे लागते. पहिल्या दिवशी थंडीताप भरेल, घाबरायचे नाही. पाठीतले पाणी तपासावे लागेल, एचआयव्हीचीही तपासणी करायची. दोघे बरे होईपर्यंत नवऱ्यापासून लांब राहायचे. यावर अर्जदार हसली, तिला बऱ्याच दिवसांनी हसू आले.

अर्जदाराने विचारले, कारखान्यात सगळे एका टॉवेलला हात पुसतात, त्यातून आले का? सिस्टर म्हणाल्या, नाही. दुसरे काही कारण त्यांनी सांगितले नाही आणि तिनेही विचारले नाही. मग एकच विचारले, दिसेल का परत? त्या म्हणाल्या, डाव्याचे आम्ही सांगू शकत नाही, पण उजव्यात अजून आहे. आज सुरू केले तर उजवा राहील. उशीर केला तर तोही गेला समजा.

अर्जाचा सगळा मुद्दा या शेवटच्या दोन वाक्यांत आहे. बाकीचे वाचायला वेळ नसल्यास आपण एवढेच वाचले तरी चालेल.

८. त्या संध्याकाळी अर्जदाराने नवऱ्याला विचारले. तो आधी उष्णता म्हणाला, मग डॉक्टर काहीही सांगतात म्हणाला, मग रडला. नणंदेला बोलावण्यात आले. तिने दार लावून घेतले, खिडकी लावून घेतली आणि समजूत घातली की पुरुषमाणूस बाहेरगावी असतो, होते एखादे वेळी, चव्हाट्यावर आणून काय मिळणार आहे, डोळा काय परत येणार आहे? डोळा गेला तो अर्जदाराचा, आणि नाक जायची धास्ती नणंदेला.  अर्जदाराने नवऱ्याला फक्त विचारले, का नाही सांगितलेस? तो म्हणाला, “सांगितलं असतं तर तू राहिली असतीस का?”

अर्जदार म्हणाली, “राहायचं की नाही ते मी ठरवलं असतं. दोन्ही डोळे शाबूत असताना ठरवलं असतं.”

 त्यावर तो हलक्या आवाजात म्हणाला की मी येतो रुग्णालयात, सही करतो, तू दाखल हो. पण घरात, कारखान्यात, माहेरी कोणाला काही कळता कामा नये, आणि बरी झाल्यावर तू इथेच राहायचे. कबूल असेल तर उद्या जाऊ. नसेल तर दुसरा कोणी सोबतचा शोध. आपली पद्धत त्याला आपल्याइतकीच पाठ झाली आहे. अर्जदाराच्या उजव्या डोळ्याची किल्ली आपण त्याच्या खिशात ठेवली, आणि तो आता दारात उभा राहून भाव करतो आहे. अर्जदाराने कबूल केले नाही. हा तिचा हट्ट आहे असे आपणास वाटल्यास, आहे.

९. दुसऱ्या दिवशी ती मामांना घेऊन दाखल होण्याच्या खिडकीवर आली. मामा कामाचा दिवस बुडवून, स्वच्छ सदरा घालून आले होते. हात मात्र निळेच. खिडकीवर विचारले, कोण लागता? मामा म्हणाले, एकत्र काम करतो. चालणार नाही म्हणाले. दाखल होताना नवरा, बाप, भाऊ किंवा मुलगा लागतो. अर्जदाराला बाप नाही, भाऊ नाही, मूल नाही. आहे तो नवरा. अर्जदाराने विचारले, काल फाटकावरचा माणूस कसा चालला? ते म्हणाले, ते सांगण्यापुरते. सही करायला नात्याचाच लागतो.

म्हणजे नियम असा झाला की, अर्जदाराची अब्रू कोणाही वाटसरूच्या हाती देता येते, पण तिचा जीव वाचवायचा तर तो ज्याने धोक्यात घातला त्याचीच परवानगी लागते. अर्जदार म्हणाली, मी सज्ञान आहे, माझी सही घ्या. बाबू म्हणाले, तुम्हाला कागद दिसतो का? ती म्हणाली, नाही. ते म्हणाले, मग न दिसणाऱ्या कागदावर सही कशी घेणार? ती म्हणाली, वाचून दाखवा. ते म्हणाले, वाचून सोबतच्याला दाखवतात. इथे मामांनी हात जोडले, मग तेच हात खिडकीच्या फळीवर इतक्या जोराने आपटले की मागच्या रांगेतली बाई दचकली. त्याने काही झाले नाही, फळी जुनी, सरावलेली आहे.

बाबू तसे वाईट नाहीत. ते बाहेर येऊन, खालच्या आवाजात, आपुलकीने म्हणाले की एक वाट आहे. ज्याला कोणीच नाही अशा बेवारस रुग्णाला सोबतचा लागत नाही. रस्त्यावर पडलेला माणूस सापडला, पोलिसांनी उचलून आणला, की सरळ दाखल. तेव्हा तुम्ही फाटकाशी पडून राहा.

१०. महोदय, अर्जदार बावीस कामगारांच्या खात्याची प्रमुख आहे. तिच्या मान हलवण्यावर गाड्या सुटतात. ती काल सकाळी आपल्या फाटकाशी पडून राहिली.

मामा पलीकडे उभे होते, त्यांना तिच्याशी ओळख दाखवायची नाही असे ठरले होते, आणि ते त्यांना अजिबात जमत नव्हते. शिट्टीने शिट्टी वाजवायची, माणसे जमवायची, पोलिसांना बोलवायचे, असे ठरले होते. त्याने ती इतकी वाजवली की पाखरे उडाली. माणसे जमली. कोणी पाणी मारले, कोणी पर्स उघडून पाहिली, कोणी म्हणाले चक्कर आली असेल, कोणी म्हणाले घरचे कसे सोडतात एकटीला. पोलीस काही आले नाहीत. गाडी आली, ती आपली. अर्जदार आडवी असल्याने तिला थांबावे लागले. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. मग आपण काच खाली केली. आवाज अर्जदाराने ओळखला नाही, तो आपला होता हे नंतर शिट्टीने सांगितले. आपण विचारलेत, “या बाईंच्या सोबत कोण आहे?”

तेव्हा अर्जदार उठली. साडी झटकली आणि बाजूला झाली. आपली गाडी आत गेली. तिला तेव्हा कळून चुकले की तिच्या तोंडावर तिला कोणीही काहीही विचारणार नाही, ती मेलेली पडली तरी विचारणार नाही, मग जिवंतपणी अर्ज करूनच पाहावा. संदर्भ क्रमांक दोनमधील अडथळा तो हा. त्याबद्दल ती दिलगीर नाही.

११. तरी वरील सर्व बाबींचा विचार करून विनंती करण्यात येते की, अर्जदारास तिच्या स्वतःच्या सहीवर, किंवा सही चालत नसल्यास अंगठ्यावर, आजच दाखल करून शिरेतून पेनिसिलिन सुरू करण्यात यावे. अंगठा तिला न पाहताही लावता येतो. यापुढे तिच्या शरीरातले जे काही असेल ते तिला सांगण्यात यावे. तिच्या नवऱ्याला, त्याने विचारले तरी, सांगू नये. त्याच्या रक्ताशी तिला कर्तव्य नाही, पण ज्या ज्या गावी त्याने लिफ्ट दुरुस्त केली तिथे आणखी कोणी बाकावर डोळे मिटून बसली आहे का, एवढे मागच्या इमारतीतून शोधले जावे. तिलाही कोणीतरी अशक्तपणा सांगितला असेल.

चौकशी समिती, खुलासा, दिलगिरीचे पत्र यांतले काहीही अर्जदारास नको. कोणाला कामावरून काढावे असेही तिचे म्हणणे नाही, मोठ्या मॅडमना तर मुळीच नाही. तिला शिरेतून जाणारे औषध पाहिजे आणि एक खाट पाहिजे.

आपल्या कार्यालयाच्या दारावर लिहिले आहे की अर्जाचे उत्तर तीस दिवसांच्या आत टपालाने पाठवले जाते. मामांनी ते वाचून दाखवले. महोदय, तसे उत्तर कृपा करून पाठवू नये. आपल्या नोंदीत अर्जदाराचा पत्ता नवऱ्याच्या मार्फत असा आहे. पत्र त्याच्या हातात पडेल. तोवर उजवाही गेलेला असेल, अर्जदाराला ते वाचता येणार नाही. तो ते फोडेल, तिच्या शेजारी बसेल, आणि मऊ आवाजात, त्याला हवे ते वाचून दाखवेल.

म्हणून उत्तर तोंडी द्यावे, होय असो की नाही. अर्जदार आपल्या दाराबाहेर उभी आहे. मामांना तिने खाली पाठवले आहे. पडदा बाजूला करून आपण बाहेर यावे, तिच्यासमोर उभे राहावे, आणि तिलाच सांगावे.

आपल्या उत्तरासाठी तिष्ठत,

अर्जदार
(छटा जुळवणारी, रंगखाते)
सहीच्या जागी डाव्या हाताचा अंगठा

दिनांक : आजचा. आवकच्या शिक्क्यावर जो पडेल, तो धरू नये.